काकांची गोळी आणि आमची यादी

मंगळवारी सकाळी स्टीलच्या डबीत तीस गोळ्या होत्या. मी त्या दोनदा मोजल्या. एकदा डबीतून ताटलीत ओतताना आणि एकदा ताटलीतून परत डबीत भरताना. दोन्ही वेळा तीस.

माझी मावशी शारदाबाई दारात चपला घालून उभी होती. हुबळीला तिच्या नणंदेकडे बारसं होतं. दहा दिवस ती नसणार होती.

"प्रणिता, तिकडे ऑटोवाला ओरडतोय आणि तू गोळ्यांची शिरगणती करतेस?"

"मावशी, सुरुवातीचा आकडा नसेल तर शेवटच्या आकड्याला काही अर्थ नसतो!"

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करते आणि राजाजीनगरला मावशीकडे राहते. लोकांच्या रंगात शिसं किती आणि पाण्यात क्षार किती, हे मी दिवसभर चौथ्या दशांशापर्यंत सांगत असते. काकांना रोज रक्तदाबाची एक गोळी देणं हा माझ्या डाव्या हातचा मळ होता!

"एक म्हणजे एकच हं," मावशी म्हणाली. "मागे चुकून दोन घेतल्या, तर न्हाणीत चक्कर येऊन पडले. सात टाके! आठवतंय ना?"

आठवत होतं. टाकेही मी मोजले होते.

"अगं, मी यादी केलीय! माझ्या फोनवर, अक्काच्या लॅपटॉपवर आणि तुझ्या फोनवर एकच यादी. एकीनं खूण केली की तिघींना दिसणार. चूक होणं शक्यच नाही!"

हे शेवटचं वाक्य मला आज परत घ्यायचं आहे.

अक्का म्हणजे मावशीची मुलगी भव्या; काकांना, म्हणजे वडिलांना, ती आप्पा म्हणते. कोरमंगलातल्या एका स्टार्टअपमध्ये कामाला आहे. तिची गिऱ्हाइकं कॅलिफोर्नियात, ती मात्र घरीच, दिवाणखान्यातल्या टेबलापाशी. आमचं ठरलं होतं ते असं. सकाळी आठ वाजता, नाश्त्यानंतर, मी काकांना गोळी आणि पाण्याचा पेला देणार, फोनवर खूण करणार आणि मेट्रो पकडायला पळणार. मी विसरलेच, तर यादीत दिसेल आणि अक्का देईल. एक माणूस करतो, दुसरा तपासतो. आमच्या प्रयोगशाळेत असंच चालतं.

काका म्हणजे मावशीचे यजमान नरसिंहराव. एकतीस वर्षं त्यांचा पीण्यात लेथचा कारखाना होता. बोलणं मोजकं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "प्रणिता, ती तुमची यादी बरोबर आहे ना गं?"

"काका, यादी चुकत नाही!"

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, कौतुकानं.

रविवार आला. मी घरीच होते. सकाळी आठला मी काकांना गोळी दिली, खूण केली. दुपारी एकच्या सुमारास जेवणं झाली. अक्कानं लॅपटॉपमध्ये डोकावून बघितलं, "च्" केलं, डबी उचलली आणि पाण्याचा पेला घेऊन काकांच्या खोलीत गेली. ती रिकामा पेला घेऊन बाहेर आली तेव्हा मी सहज विचारलं.

"काय दिलंस?"

"गोळी. तू विसरलीस ती."

"मी? अगं, मी सकाळीच दिली!"

"मग खूण कोण करणार, मुख्यमंत्री? रोज विसरतेस! मी काही बोलले नाही. म्हटलं बिचारी दमून येते, कशाला लाजवा."

"रोज?"

"रोज!"

मी डबी ताटलीत ओतली. अठरा! सहा दिवसांत सहा जायला हव्या होत्या, बारा गेल्या होत्या. अक्कानं ताटलीत बघितलं आणि ती जिथे होती तिथेच, जमिनीवर बसली.

"आप्पांना आपण मारलं गं, प्रणिता!"

"अजून नाही," मी म्हणाले.

समोरच्या घरात डॉक्टर हयवदन राहतात. मी त्यांना फोन लावला. ते गाडी चालवत होते.

"आता आणखी गोळी देऊ नका. झोपवा, पायाखाली उशी ठेवा, दर दहा मिनिटांनी रक्तदाब मोजा. वरचा आकडा शंभराच्या खाली आला तर थांबू नका, थेट दवाखाना. मी अर्ध्या तासात पोचतो. आणि नक्की किती गोळ्या गेल्या ते लिहून ठेवा!"

काकांना आम्ही चालताचालता आडवं केलं. अक्षरशः! ते वर्तमानपत्र आणायला निघाले होते.

"अय्यो, मला झालंय काय?"

"काही नाही!" आम्ही दोघी एकदम किंचाळलो.

अक्कानं त्यांना चार चमचे मीठ घातलेलं ताक पाजलं, मिठानं रक्तदाब वाढतो म्हणून. काकांनी तोंड वेडंवाकडं केलं. "स्वल्प मीठ जास्त पडलंय."

"प्या, आप्पा! माझी शपथ आहे!"

पहिलं माप एकशे बावन्न. मी ते वहीत लिहिलं. मग अक्काला यंत्रापाशी बसवलं आणि मी यादीकडे वळले, कारण डॉक्टरांना नक्की आकडा हवा होता आणि नक्की आकडा त्या यादीतच होता. फोन आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. फोनवर नवीन काम लिहिलं, 'चाचणी एक', आणि खूण केली. दोन सेकंदांत लॅपटॉपवर खूण! उलट करून पाहिलं. लॅपटॉपवरून फोनवर, तीन सेकंद! म्हणजे यंत्रं एकमेकांशी व्यवस्थित बोलत होती. मग गोळीच्या खुणेनंच काय घोडं मारलं होतं?

"एकशे छप्पन्न!" खोलीतून अक्का ओरडली. "प्रणिता, हा वर चाललाय!"

दुप्पट गोळ्या, आणि रक्तदाब वर? मी यंत्राचा पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून बघितला. एकशे शेहेचाळीस. माझं वय चोवीस आहे. यंत्र बिघडलंय की मी, हे ठरवायला वेळ नव्हता.

मी दोन्हीकडे लॉग आउट केलं आणि पुन्हा आत शिरले. हे करायला नको होतं! यादी परत आली ती कोरी होऊन. सहाही दिवसांच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. मंगळवार, काकांची गोळी, बाकी. बुधवार, बाकी. थेट रविवारपर्यंत, बाकी, बाकी, बाकी. पुरावाच गेला! डॉक्टरांना आता काय सांगायचं?

तेवढ्यात खोलीतून अक्काची किंकाळी आली. "डोळे मिटले! आप्पांनी डोळे मिटले!"

मी धावले. वाटेत स्टीलचा चमचा उचलला आणि काकांच्या नाकाखाली धरला. चमच्यावर वाफ धरली. काकांनी एक डोळा उघडला.

"आता चमच्यानं काय पाजणार आहात?"

"काही नाही काका! झोपा! नको, झोपू नका!"

"एकशे साठ," अक्का रडत म्हणाली.

प्रत्येक मापासमोर मी वेळ लिहीत होते. तिसरं माप लिहायला म्हणून टेबलापाशी आले आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघून लिहिलं, एक वाजून पन्नास मिनिटं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली. दोन वाजून वीस!

"अक्का, तुझं घड्याळ अर्धा तास मागे आहे."

"अर्धा तास नाही. साडेबारा तास. कॅलिफोर्नियाची वेळ आहे ती. मीटिंगमध्ये गोंधळ नको म्हणून लावून ठेवलीय."

आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजले की त्या लॅपटॉपचा नवा दिवस उजाडायचा! मी सकाळी आठला केलेली खूण त्याच्या हिशेबी काल संध्याकाळची. साडेबाराला तो नव्या दिवसाची नवी गोळी काढून अक्कापुढे ठेवायचा, आणि अक्का जेवून उठली की ती द्यायची. यंत्रं बिघडलेली नव्हती. त्या घरात एकच दिवस दोनदा येत होता!

कारण सापडलं, पण त्यानं गोळ्या काही परत येणार नव्हत्या. आता कबुली देणं भाग होतं. आम्ही दोघी काकांच्या पलंगापाशी उभ्या राहिलो.

"काका," मी म्हणाले, "आम्ही तुम्हाला सहा दिवसांत बारा गोळ्या दिल्या."

"माहितीये," काका म्हणाले. "मी मोजल्यात."

ते उठून बसले. उशाखालून त्यांनी मायक्रोमीटरची जुनी लाकडी पेटी काढली. आत कागदाच्या सहा पुड्या होत्या. प्रत्येकीवर तारीख, आणि प्रत्येकीत दोन गोळ्या.

"आप्पा! म्हणजे तुम्ही... एकही?"

"दोन गेजनी, माप घेणाऱ्या दोन यंत्रांनी, दोन मापं दाखवली तर काय करायचं? मशीन बंद. एकतीस वर्षांत माझा एक जॉब गिऱ्हाइकाकडून परत आला नाही."

"पण विचारायचं तरी!" मी म्हणाले.

"विचारलं की! तू म्हणालीस, यादी चुकत नाही. हिला विचारलं, ही म्हणाली, यादीत आहे." त्यांनी ताकाचा रिकामा पेला माझ्या हातात दिला. "दोन्ही गेजं आपापल्या जागी बरोबर होती म्हण."

डॉक्टर हयवदन त्याच वेळी दारातून आत आले. त्यांनी वही वाचली, पुड्या बघितल्या, पेल्याला लागलेलं ताक बोटावर घेऊन चाखलं आणि आम्हा दोघींकडे पाहायचं टाळलं. पुन्हा रक्तदाब मोजला. एकशे चौसष्ट.

"आत्ता एक द्या," ते म्हणाले. "मी इथे उभा आहे."

मी पुड्या उघडून त्यातल्या आणि ताटलीतल्या सगळ्या गोळ्या डबीत टाकल्या आणि त्यातली एक काकांना दिली. अक्कानं पाणी आणलं. आणि माझा फोन वाजला. हुबळीहून. मागे सनई, आणि सनईच्याही वर मावशी.

"प्रणिता! माझ्या फोनवर सहा वेळा घंटी वाजली! मंगळवारपासून एकही गोळी दिलेली नाही असं दाखवतंय! एकही? ही यादी खोटी आहे ना गं?"

"मावशी, ते..."

"मला काही सांगू नकोस! डबी उघड, आणि किती आहेत ते मोजून सांग!"

मी ताटलीत ओतताना मोजल्या. डबीत भरताना पुन्हा मोजल्या.

डबीत एकोणतीस. काकांच्या तळहातावर एक.