शिरपत चौसिंग्याची पुढची चक्री

माघ वद्य चतुर्थी. पहाटे धुकं, नंतर लख्ख ऊन. वारा पश्चिमेचा, बेताचा. अंगणात बसून गोष्ट सांगण्याजोगी हवा.

तर मुलांनो, सावरून बसा. ज्याला मध्येच पाणी प्यायचं असेल त्यानं आत्ताच पिऊन घ्यावं.

एका जंगलात शिरपत नावाचा एक चौसिंगा राहत होता. चौसिंगा म्हणजे हरणासारखाच एक प्राणी, फक्त शिंगं चार. बाकीच्यांचं दोन शिंगांवर भागतं. पण एकदा चार मिळाली की पाचव्याचे विचार सुरू होतात. शिरपतला पाचवं शिंग काही फुटेना, म्हणून त्यानं मोटरसायकल घेतली.

साधी नव्हे, स्पोर्ट्स. लाल रंगाची, पोटावर आडवं होऊन चालवायची. हेल्मेटला चार भोकं पाडून घेतली होती. जंगलात पेट्रोल कुठून आलं, असं विचारू नका. सिंहाला बोलता येतं हे तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेता, मग पेट्रोलवरच कशाला अडता?

गाडीच्या बदल्यात शिरपतनं घराण्याचं चाटण रानगव्यांना देऊन टाकलं. चाटण म्हणजे खारट मातीची जागा. जनावरं तिथं मीठ चाटायला येतात. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं चाटण गेलं, तेव्हा त्याची बायको भागी दिवसभर रिकामी जीभ ओठांवरून फिरवत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "मीठ गेलं. आता त्या जासुदाच्या जागेचं तेवढं बघा. नाहीतर आयुष्यभर ही गाडीच चाटत बसावं लागेल."

जासूद म्हणजे राजाचे निरोप नेणारा. सिंहमहाराज नवा जासूद नेमणार होते. नेमणूक झाली की दरबाराच्या उंबराखाली कायमची जागा, कोवळा पाला आणि शिवाय दरबाराच्या चाटणावर हक्क. ही जागा मिळाली तरच शिरपतचं घर पुन्हा मिठाला लागणार होतं.

आजवर हे काम गंगाक्का कोल्हीण करत असे. ती चालत जाई. घाई असली तर पळत जाई. दरबारापासून ओढ्यावरच्या साकवापर्यंत, म्हणजे लाकडी पुलापर्यंत, जायला दोन वाटा होत्या. एक पायवाट, खिंडीतून सरळ. दुसरी गाडीवाट, डोंगराला वळसा घालून माळावरून. गाडी आणली त्या आठवड्यात शिरपत आणि गंगाक्का एकदमच निघाले होते. ती खिंडीतून, तो माळावरून. साकवापाशी शिरपत तिच्या आधी पोचला. फार नाही, शेपटीभर आधी.

एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही जेवायला गेला असता.

पण त्या जंगलात एक रीत होती. नवी गाडी आली की तिच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, हार घालायचा, आणि हार सुकायच्या आत गाडीत काहीतरी बदल करून घ्यायचा. आहे तशी गाडी चालवली तर लोक म्हणत, याला काही कळत नाही वाटतं.

म्हणून शिरपत खवल्या मिस्त्रीकडे गेला. हे एक खवलेमांजर होतं. अंगभर पत्रे असल्यानं यंत्रातलं त्याला कळतं असा सगळ्यांचा समज होता. त्याचाही होता.

खवल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि तो चुकचुकला. "शिरपतराव, ही गाडी कंपनीनं काढली तुमच्यासाठी, पण स्प्रॉकेट बसवले कासवासाठी. पिकअप कुठं आहे हिला?"

आता पिकअपचं जरा समजून घ्या. मोटरसायकलला दोन दातेरी चक्र्या असतात, त्यांनाच स्प्रॉकेट म्हणतात. एक लहान, पुढं इंजिनापाशी. एक मोठी, मागच्या चाकाला. दोघींवरून साखळी फिरते. पुढची आणखी लहान केली किंवा मागची आणखी मोठी केली, तर गाडी जागेवरून जोरात उसळते. पण इंजिन जितकं फिरतं, त्या मानानं चाक कमी फिरतं. म्हणजे सुरुवातीला उडी मोठी आणि पुढं धाव तोकडी. सगळं एकदम कुठंच मिळत नाही. खवल्याच्या दुकानात मात्र मिळे.

त्यानं पुढं लहान चक्री बसवली, मागं मोठी बसवली, साखळी जुळवून घेतली. मागची काढलेली चक्री भागीनं पाण्याच्या मडक्याखाली ठेवली. मडकं त्यामुळे डुलायचं थांबलं. या सगळ्या बदलातून घराला झालेला फायदा एवढाच.

दुसऱ्या दिवशी शिरपत भागीला मागं बसवून फेरी मारायला निघाला. त्यानं मूठ पिळली. गाडी अशी उसळली की पुढचं चाक वर आलं. करवंदीच्या जाळ्या मागं टाकत तो भागीला समजावत होता, की बघ, याला म्हणतात पिकअप, आणि तू उगाच मिठासाठी रडत होतीस. बरंच बोलून झाल्यावर तिनं उलटून काहीच कसं म्हटलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं वळून पाहिलं. भागी नव्हती. परत आला तेव्हा ती निघाल्या जागीच धुळीत बसलेली होती.

"पिकअप चांगला आहे," ती म्हणाली. "मला न घेताच गेला."

पण शिरपतचं लक्ष काट्याकडे होतं. वेग दाखवणारा काटा. पूर्वी माळावर गाडी जिवावर उदार होऊन पळे तेव्हा काटा नव्वदवर जाई. आता तो एकशे दहावर जाऊन थरथरत होता. इंजिन किंकाळ्या फोडत होतं. माळावरची झाडं मात्र पूर्वीपेक्षा जरा सावकाशच मागं जात होती. झाडं आळशी झाली असावीत, असं शिरपतला वाटलं.

मुलांनो, इथं गंमत आहे. या गाडीचा काटा इंजिनाकडच्या चक्रीला विचारतो, की बाई, तू किती फिरलीस? मागच्या चाकाला तो कधीच विचारत नाही, की बाबा, तू कुठवर पोचलास? चक्र्या बदलल्या हे काट्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो बिचारा जुन्याच हिशेबानं प्रामाणिकपणे खोटं बोलत होता.

खोटं पकडलं ते भागीनं. ती रवंथ करत बसे. शिरपत साकवापर्यंत जाऊन परत येई तोवर पूर्वी तिचा रवंथ थोडा बाकी असायचा. आता तो पुरता संपून ती वाट बघत बसू लागली.

"अहो, तुम्ही उशिरा येताय."

"एकशे दहानं येतोय अगं. पूर्वी नव्वदनं येत होतो."

"मग माझ्या तोंडातला पाला आधीच का संपतो?"

शिरपतनं विचार केला. "तू हल्ली भराभर चावतेस," तो म्हणाला.

परीक्षेचा दिवस आला. दरबारापासून साकवापर्यंत जायचं, काठावरच्या केवड्याचं एक पान घेऊन परत यायचं. दोघेच उमेदवार होते, शिरपत आणि गंगाक्का. सिंहमहाराज आणि मुंगूस प्रधान उंबराच्या सावलीत बसले.

शिरपत सुटला तेव्हा धुरळ्यानं दरबार दिसेनासा झाला. सगळ्यांनी शेपट्या आपटून कौतुक केलं. धुरळा खाली बसला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की गंगाक्काही गेली आहे.

परत आधी गंगाक्का आली. केवड्याचं पान प्रधानांपुढं ठेवून ती पायातला काटा काढत बसली. काटा निघाला, पाय चाटून झाला, मग शिरपत आला.

प्रधानांनी आधी त्याच्या गाडीत डोकावून पाहिलं. सगळ्यात मोठा आकडा जपून ठेवायची सोय त्या यंत्रात होती. एकशे दहा. प्रधानांनी तो तीनदा मोठ्यानं वाचला. मग ते गंगाक्काकडे वळले.

"तुझा आकडा?"

"आकडा नाही. मी आले."

"किती वेगानं?"

"आधी आले."

"ते दिसलं आम्हाला," प्रधान म्हणाले. "पण दिसलेलं दरबारात धरत नाहीत."

भागीनं रवंथाची साक्ष काढली. प्रधान म्हणाले, की वहिनी, रवंथाला काटा नसतो. खरं तर या साक्षीनं नवऱ्याचंच नुकसान होत होतं. ते ध्यानात आल्यावर भागीनं तोंडातला घास गिळून टाकला. तिलाही मीठ हवं होतं.

शिरपत जासूद झाला. उंबराखाली जागा मिळाली, चाटण मिळालं. गंगाक्का साकवाजवळच्या कपारीत राहायला गेली. खवल्याच्या दारात रांग लागली. ज्याच्याकडे चाक होतं त्या प्रत्येकानं पुढची चक्री लहान करून घेतली. महिन्याभरात सगळ्या जंगलाचा वेग वाढला आणि सगळेजण सगळीकडे थोडे उशिरा पोचू लागले. प्रधानांनी यातल्या पहिल्या भागाची दवंडी पिटवली.

मग पलीकडच्या रानातल्या वाघीणबाईंकडे बारसं निघालं. सिंहमहाराजांना मानाचं बोलावणं होतं. साकव ओलांडून जायचं होतं. प्रधानांनी शिरपतला सांगितलं, की पुढं जाऊन वाट ठीक आहे का ते बघून ये. महाराजांची आयाळ विंचरून व्हायच्या आत परत ये, म्हणजे मग निघायला बरं.

शिरपत गेला आणि पाहतो तो काय, साकव मध्येच मोडलेला. वाळवीनं खांब खाल्ले होते. त्यानं गाडी फिरवली आणि मूठ पूर्ण पिळली. गाडी उसळली. काटा एकशे दहा. इंजिनाचा आवाज आता तारसप्तकात गेला, त्यापुढं सप्तकच नव्हतं. आकडा समोर होता, पण डोंगराचा वळसा काही संपेना.

तो उंबराखाली आला तेव्हा तिथं फक्त आयाळीचे गळलेले केस पडले होते. खिंडीच्या तोंडाशी गवत अजून हलत होतं. पायवाटेत गाडी शिरत नव्हती. उतरून पळत जावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. चार पाय होते, तेही चौसिंग्याचे. पण चालत निरोप नेणारा जासूद कोणी पाहिला आहे? त्यानं हॉर्न वाजवला, गाडी वळवली आणि वळसा घालून पुन्हा साकवाकडे निघाला.

खिंडीत प्रधानांनी हॉर्न ऐकला. "ऐका महाराज. जासूद वेगात आहे."

तेवढ्यात समोरून गंगाक्का आली. साकव मोडताना तिनं कपारीतून पाहिला होता. शिरपत माळाच्या वळशानं निघालेला पाहून तिला राहवलं नाही. ती खिंडीतून निघाली होती.

"महाराज, पुढं जाऊ नका. साकव मोडलाय."

महाराज थांबले. त्यांनी प्रधानांकडे पाहिलं.

"कशी आलीस?" प्रधानांनी विचारलं.

"चालत."

"मग बातमी जुनी असणार," प्रधान म्हणाले. "साकव खरंच मोडला असता तर एकशे दहावाला आधी आला असता. तो आलेला नाही. म्हणजे साकव मोडलेला नाही."

महाराजांना हे पटलं. राजांना अशी वाक्यं लवकर पटतात, कारण ती पटली की थांबावं लागत नाही. गंगाक्का बाजूला झाली. "चिखल फार आहे," तिनं जाता जाता सांगितलं. "आयाळ वर बांधून घ्या."

शिरपत साकवापाशी पोचला तेव्हा महाराज गळ्यापर्यंत पाण्यात होते. प्रधान त्यांच्या डोक्यावर होते.

गाडी उभी करून त्यानं वाकून मुजरा केला. "महाराज, साकव मोडलाय."

महाराजांनी तोंडातलं शेवाळ थुंकलं. "किती वेगानं आलास?"

"एकशे दहा, महाराज."

शिरपतच्या डोळ्यांपुढून चाटण, उंबर आणि भागीचं तोंड एकामागून एक सरकलं.

"प्रधानजी," महाराज म्हणाले, "एकशे दहानं येऊनही उशीर झाला. याचा अर्थ काय?"

प्रधानांनी डोक्यावरूनच खाली वाकून उत्तर दिलं. "याचा अर्थ, महाराज, साकव त्याहूनही वेगानं मोडला."

साकवाचे उरलेले दोन खांब राजद्रोहाबद्दल उपटून टाकण्यात आले. नवा साकव सावकाश मोडेल असा बांधावा, असा हुकूम निघाला. बारशाला महाराज पोचले नाहीत. बछड्याचं नाव त्यांच्याशिवाय ठेवलं गेलं. शिरपत जासुदाच्या जागेवर कायम राहिला. खवल्यानं त्याच्या गाडीची पुढची चक्री आणखी लहान केली आणि मागची आणखी मोठी. काटा एकशे वीसपर्यंत गेला. मागची काढलेली चक्री भागीनं दुसऱ्या मडक्याखाली ठेवली.

तात्पर्य : पोचायचं असेल तर चालत जावं. नेमणूक हवी असेल तर मोटरसायकल घ्यावी, आणि हार सुकायच्या आत पुढची चक्री लहान करून घ्यावी.