रेडिओच्या डोक्यावरचा हात

मेश्राम गुरुजी रेडिओ ऐकताना त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, तळवा टेकवून. लांजीकडच्या मास्तरमंडळींत याची भारी टवाळी चाले. कोणी म्हणे, रेडिओ पळून जाईल म्हणून धरून ठेवतात. कोणी म्हणे, आशीर्वाद देतात.

त्या काळात शाळांना बॅटरीवरचे रेडिओ मिळाले होते. दुपारी नागपूरहून पोरांसाठी पाठ लागायचे. बऱ्याच शाळांनी रेडिओला झालरीचं कापड शिवलं आणि कपाटात कोंडला. आमच्याकडे तो लागायचा, पण लागला की आम्ही मास्तर चहाला आणि आत पोरांचा धिंगाणा. शेवटी हेडमास्तरांनी मला हुकूम सोडला, "मेश्रामांचा तास पाहून या. तपासणीचे साहेब त्यांचं फार नाव काढतात."

मी रागातच सायकल हाणली. मी ट्रेनिंग झालेला माणूस. रेडिओची खुंटी पिळायला आता या म्हाताऱ्याकडून शिकायचं?

गुरुजींनी मला थेट पोरांत बसवलं. "मास्तर, रेडिओ लागला म्हणून आपल्याले सुट्टी नाही भेटत. डबल ड्यूटी लागते." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

पाठ थोडा वाजला की खट्‌कन बंद. "हं, काय म्हणून राह्यला तो?"

पोरगं पुस्तकी बोलू लागलं की लगेच अडवायचे. "त्याच्या भाषेत नको. तुह्या मायले सांगशील तसं सांग." मग पोरं त्यांच्या तोंडासमोर येऊन मोठ्यानं सांगायची. एक सांगे, दुसरा खोडून काढे, तिसरी घरच्या चुलीवरचा दाखला देई. गुरुजी टक लावून ऐकत. तोवर रेडिओवाला पुढं निघून गेलेला असायचा.

"मधलं बुडते ना, गुरुजी?" मी विचारलं.

"बुडू द्या. तो कोणासाठी थांबत नाही, म्हणून तर तो मास्तर नाही."

मला हे पटलं, आणि पटलं म्हणून अजूनच राग आला.

तरी मी रोज दुपारी तिथं जात राहिलो. मग एक दिवस साहेब तपासणीला आले. नेमकी त्याच सकाळी माकडांनी छपरावरची एरियलची तार तोडून नेलेली. गुरुजींनी रेडिओ लावला तर नुसती खरखर. मला वाटलं, आता बंद करतील. पण गुरुजींचा हात रेडिओवर, डोळे मिटलेले, मान हळूहळू डोलतेय. वर्ग चिडीचूप. साहेबांची भुवई वर गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा कानानं पार गेला होता. साहेबांच्या ध्यानात आलं असतं तर उद्यापासून गुरुजी घरी.

खट्‌कन बंद. "हं, काय म्हणून राह्यला तो?"

पुढच्या रांगेतली सुगंधा उठली. "गुरुजी, आज त्यानं हट्ट्याच्या बावलीचं सांगतलं." हट्टा गावातल्या त्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरत गेलं की गार काहून लागते, ते तिनं सांगितलं. दुसऱ्यानं खाली अंधार असल्याचं जोडलं. तिसरा म्हणाला, "झूट. त्यानं बेडकाचंही सांगतलं." सगळा वर्ग न झालेल्या पाठावर भांडू लागला.

साहेब उठले. "रेडियो से अच्छा तो ये बच्चे बोलते हैं," एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

शाळा सुटल्यावर मी सायकल हातात धरून गुरुजींबरोबर चालत होतो. मोठ्यानं काही बोलायला गेलो तर म्हणाले, "बोंबलू नका. तोंड दिसलं की समजते मले."

मग आपणच म्हणाले, "आज रेडिओ बोललाच नाही. हाताले कळते ते. माणूस थांबत थांबत बोलते. आज हाताखाली नुसतं पाणी पडल्यावानी होऊन राह्यलं होतं."

"ठाऊक होतं तं मंग विचारलं काहून? साहेब समोर होते."

गुरुजी म्हणाले, "आमची मंडळी होती तवरी रोज सांजच्याले समोर बसून गावातलं सारं सांगे. कोणाची गाय व्याली, कोण कोणाशी भांडलं. ती गेली. आता घरी मले कोणी काही सांगत नाही. शाळेत विचारलं की सारे उठून सांगतात." ते थांबले. "एक दिवस न विचारता राहावं, तं तेही नाही जमलं मले."

माझा राग कुठं गेला कोण जाणे. मी सायकल मोहाच्या झाडाला टेकवली, त्यांच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिलो आणि आमच्या शाळेत त्या सकाळी काय काय झालं ते सांगायला लागलो.