नकाशात नसलेलं भुयार

आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीतले घाडीकाका कुणाच्याही घरात शिरताना आधी दारातल्या छतावर काठीने टकटक करतात, कान लावून ऐकतात आणि मगच चपला काढतात. तांब्याच्या भुयारी खाणीत ते तीस वर्षं सर्वेअर होते, भुयारांचे नकाशे काढायचे. पोकळ आवाज आला की छत पडणार, हे तिथलं शास्त्र. मी सोसायटीची सेक्रेटरी. त्यांनी पोकळ ठरवलेल्या सव्वीस जागांची यादी माझ्याकडे आहे. चार ठिकाणचं प्लास्टर खरोखर पडलं. उरलेल्यांखालून मीही भराभर चालते.

खाण आता ओपनकास्ट होणार, म्हणजे वरून डोंगरच कापून तांबं काढणार, हे कळल्यापासून काका पेटलेत. रिक्षावाल्यालाही सुनावतात, "भैया, खान नहीं, गड्ढा बोलो!"

"गड्ढा तो यहाँ भी है, चाचा," तो म्हणतो. "पकडके बैठो."

गेल्या महिन्यात खाणीतून एक तरुण इंजिनीअर नकाशे घेऊन आला. काकांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. एक जुनं भुयार नकाशात नाही, असं कामगार सांगत होते; ते नेमकं कुठे, हे त्याला काकांकडून हवं होतं. त्याच्यावर डंपर गेला, तर जमिनीसकट खाली जाणार.

"सांगणार नाही," काका म्हणाले. "खड्डा तुमचा, तुम्हीच शोधा."

"काका, डंपरचा ड्रायव्हर मरेल. तो तुमचा वैरी आहे का?"

"तुम्ही मध्ये बोलू नका, सेक्रेटरीबाई!" असं ओरडत त्यांनी माझंच पेन ओढलं आणि नकाशावर झरझर रेघ मारली. "हे घ्या! आणि लिहा, घाडीचा विरोध कायम आहे."

"सर, हे नकाशात का नव्हतं?" इंजिनीअरने विचारलं.

"मीच दाखवलं नाही. माझा जोडीदार धनीराम तिथंच पडलेल्या छताखाली गेला. नकाशात असतं तर उरलेल्या तांब्यासाठी साहेबांनी पुन्हा माणसं आत घातली असती."

काकांनी माझं पेन टोपण लावून परत दिलं.

"त्याला बाहेर काढला. जेवणाचा डबा आत राहिला, पितळी. सापडला तर माझ्याकडे पाठवा. त्याच्या घरी आता कुणी नाही."

सुरुंगाने उडवलेल्या डोंगरात डबा कसला सापडतोय! इंजिनीअरने तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

"पाठवतो, सर."

"कुरियरने नको," काका म्हणाले. "स्वतः घेऊन या. दुपारी या, म्हणजे जेवूनच जाल."