झाकण लावू नका

आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत शिरोडे काका जिन्यावरून लॅपटॉप उघडाच घेऊन उतरायचे. दोन्ही हातांवर, ओवाळणीचं ताट न्यावं तसा. समोरून कुणी आलं की दुरूनच ओरडायचे, "सरका, सरका! झाकण पडेल!"

त्याचं असं झालं. सातपूरच्या एका कंपनीने जुने लॅपटॉप स्वस्तात काढले, तेव्हा आमच्या इमारतीत बहुतेकांनी हौसेने एकेक घेतला. नवीन विंडोज त्या जुन्या यंत्रांना पेलवेना. मग कारखान्याच्या मेन्टेनन्समध्ये जन्म घालवून निवृत्त झालेल्या काकांनी घरोघरी विंडोज काढून लिनक्स ही हलकी प्रणाली घालून दिली, फुकट आणि भाषणासकट. सगळं झकास चालायचं. फक्त झाकण लावलं की लॅपटॉप झोपायचा, तो पुन्हा उठेल तर शपथ. आत पंखा घरघरतोय आणि पडदा काळा ठिक्कर.

दर रविवारी काकांकडे रांग लागायची. काका लॅपटॉपला कान लावून निदान करायचे, "श्वास चालू आहे, शुद्ध नाही." मूळचे सटाण्याचे, त्यामुळे यंत्राशी अहिराणीत बोलायचे: "ऊठ ना भो, कितला झोपस!" शेवटी बटण दाबून धरायचं, बंद करून पुन्हा चालू करायचं. एवढं घरीही जमलं असतं, पण परस्पर केलं की काका दुखावायचे. "असा गळा दाबतात का कुणाचा? आधी मला दाखवायचं!" मग चहा, चिवडा आणि हायबरनेशनवर, म्हणजे यंत्राच्या गाढ झोपेवर, प्रवचन. "मनातलं सगळं डिस्कवर लिहायचं आणि निवांत डोळे मिटायचे. उठल्यावर वाचायचं, आपण कोण होतो ते." तासभर सहज जायचा. मी शाळेत शिकवते. सेव्ह न केलेली प्रश्नपत्रिका गेलेली असायची, त्यामुळे मी आतून धुमसत असायचे.

यंदा काकांनी इलाज शोधला. बरंच वाचून, परदेशातल्या कुणाकुणाला विचारून, लॅपटॉप सुरू होताना त्याला द्यायची आज्ञेची एक ओळ त्यांना सापडली. स्वतः दारं वाजवून त्यांनी एकेकाचा लॅपटॉप बरा केला. मला मात्र "बघू, बघू" म्हणत टोलवत राहिले. शेवटी मी चिडलेच.

"काका, सगळ्यांचे झाले. मीच तुमचं काय घोडं मारलंय?"

"या रविवारी," ते म्हणाले.

गेले तर रांग नव्हती. काकांनी ती ओळ टाकली, झाकण लावलं, उघडलं. पडदा लख्ख! मी टाळ्या वाजवल्या. काकांनी पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा उघडलं.

"उठतोय," ते म्हणाले. "तुमचा मुद्दाम शेवटी ठेवला होता, मॅडम. आता इकडे यायचं कुणाला काही कारण उरलं नाही."

काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. आमच्या बिघाडाचा ज्या माणसाला एवढा आधार होता, त्यानेच खपून तो दूर केला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, आमच्या प्रिंटरचंही बघायचं होतं. लिनक्सवर चालतच नाही."

"प्रिंटर?" काका ताठ बसले. "लय छळतात ते! घेऊन या, बघू."

आमच्याकडे प्रिंटर नव्हता. संध्याकाळी दुकानात गेले आणि म्हटलं, "लिनक्सवर सहजासहजी चालणार नाही असा एखादा दाखवा."