बैठकांचं जंगल

एका जंगलात, बाळांनो, सगळे मिळून एकच काम करत. मोहाची फुलं वेचत. फुलं नदीपलीकडच्या जंगलात धाडायची आणि तिकडून खायला आणायचं, असा रिवाज होता. वाघमहाराज काय खात, ते आपण विचारायचं नाही.

तिथे यमनाक्का नावाची एक सायाळ राहायची. तिला दोन पिल्लं होती. एका चैत्रात गारपीट झाली आणि मोह पार झडून गेला. पलीकडे धाडायला काही उरलं नाही. धाकटं पिल्लू भुकेनं गेलं. थोरली लेक तेवढी वाचली.

थंडीत करकोचा आला. तो सात जंगलं ओलांडून यायचा, म्हणून विद्वान.

"एका झाडावर जगणारं जंगल मागासलेलंच राहणार," तो म्हणाला. "दहा कामं धरा."

महाराजांनी दवंडी पिटवली. अस्वल मध काढू लागलं. पाणमांजरं मासे धरू लागली. वानरांनी आवळे वाळवले. यमनाक्का करांद्याचे कंद खणू लागली. मध आटला तर कंद असत, कंद संपले तर आवळे. तीन वर्षं कुणी उपाशी निजलं नाही.

मग करकोचा पुन्हा आला. वाळत घातलेले आवळे पाहून त्याने चोच मुरडली.

"अजून दहा कामं? पुढारलेली जंगलं एकच काम निवडतात. ज्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं."

"पण मागच्या खेपेला तुम्हीच सांगितलं होतं..." यमनाक्का म्हणाली.

"मागच्या खेपेला तुम्ही मागासलेले होता."

हे सगळ्यांना पटलं.

आपला हात कशात कुणी धरत नाही, हे ठरवायला बैठक बसली. मध पलीकडचा गोड निघाला. मासे पलीकडचे मोठे. कंदसुद्धा तिकडचेच पिठूळ. बैठक अकरा दिवस चालली आणि एकही प्राणी कंटाळला नाही. तेव्हा महाराजांच्या ध्यानात आलं, की आपण बैठकीतच तरबेज आहोत.

तेव्हापासून पलीकडचे प्राणी आपली भांडणं घेऊन यायचे. हे बैठक घ्यायचे. बदल्यात मध, मासे, कंद मिळायचे. धंदा झकास चालला, खोटं कशाला बोला. खणल्याने धूळ उडते, पाहुणे शिंकतात, म्हणून खणायला बंदी झाली. यमनाक्काला कंद समितीचं अध्यक्ष केलं.

"आई, केवढा मान!" लेक म्हणाली.

पुढे एका श्रावणात पूर आला. वीस दिवस नदी उतरली नाही. पलीकडून काही येईना. भुकेवर बैठक बसली. पाचव्या दिवशी इतिवृत्त वाचता वाचता ससा कोसळला.

यमनाक्का उठली. "महाराज, मी कंद खणून आणते."

"हा विषय पत्रिकेवर नाही."

"माझं एक पिल्लू असंच गेलंय, महाराज. वाट सोडा."

तिचे काटे उभे राहिले होते. वाट सुटली.

बसून बसून तिची नखं मऊ पडली होती. लेकीला तर करांद्याची वेल कोणती आणि गुळवेल कोणती, हेही ठाऊक नव्हतं. यमनाक्काने एकेक पान हातात देऊन ओळखायला शिकवलं. मायलेकींनी पंधरा दिवस रक्ताळल्या बोटांनी खणलं. सगळं जंगल जगलं. ससासुद्धा.

हिवाळ्यात करकोच्याने अहवाल लिहिला : वेळेवर बैठक बोलावल्यामुळे जंगल वाचलं.

महाराजांनी यमनाक्काचा सत्कार केला. तिला तातडीच्या कंद समितीचंही अध्यक्ष नेमलं आणि लेकीला सचिव. पदाधिकाऱ्यांनी मातीत हात घालणं शोभत नाही, म्हणून दोघींना खणायला नव्याने बंदी झाली.

"आणि पुन्हा पूर आला तर?" यमनाक्काने विचारलं.

"काळजी नसावी," महाराज म्हणाले. "त्यावर उद्याच बैठक आहे."

तात्पर्य : सगळा भार एकाच फांदीवर टाकू नये, हे शहाणपण गरिबांसाठी आहे. पुढारलेल्यांनी खुशाल टाकावा. मात्र कंद ओळखणारी एखादी बाई आपल्यात आहे ना, याची खात्री करून घ्यावी, आणि तिला ताबडतोब खुर्चीवर बसवावं.