दोन सुभ्यांची पाटी आणि मंगळवारची वाट

श्रीमार्गेश्वर प्रसन्न. वाटेने येणारे जाणारे समस्त लहानथोर यांसी लिहिणाराचा दंडवत. लिहिणाराचे नाव पुसो नये. मजकूर पाहिला आणि ऐकिला तैसाच लिहितो, पदरचे घालीत नाही.

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर. ते समयी राज्यात सुभे बहुत, आणि प्रत्येक सुभ्याचा कारभार निराळा, आणि प्रत्येकाचे वाहनदफ्तर निराळे, आणि एका दफ्तराचे दुसऱ्या दफ्तराशी बोलणे नाही. गाडी कोणी घेतली तर दफ्तरी नोंद करोन कर भरावा, मग सरकारातून नंबराची पाटी मिळावी, ती पुढेमागे लावोन रस्त्यास निघावे, ऐशी रीत. परंतु धाकटे सुभ्यात गाडीचे मोलावर शेकडा सहा कर, आणि थोरले सुभ्यात शेकडा अकरा, आणि एका सुभ्याची गाडी दुसऱ्या सुभ्यात वर्षाहून अधिक राहिली तर नोंद नव्याने करावी, कर नव्याने भरावा, आणि जुना कर मागे मिळण्यास जुन्या सुभ्यात अर्ज करोन स्वस्थ बसावे. शिवाय नाक्यानाक्यावर खांबास कॅमेरे बांधिले होते. ते येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी वाचीत आणि दिवस, घटका, दिशा ऐसे सर्व टिपोन ठेवीत. त्यांस झोप नाही, विस्मरण नाही.

ऐशा काळी धाकटे सुभ्यात भास्करराव मोहोळकर म्हणोन एक गृहस्थ होते. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. हात हलका, बोलणे थोडे, आणि स्वभाव ऐसा की एके जागी घटकाभर बसवत नसे. त्यांचे कुटुंब कुमुदबाई या सरकारी दवाखान्यात परिचारिका. बाईंची बदली थोरले सुभ्यात जाहाली, तेव्हां उभयतां बिऱ्हाड हलवोन तिकडे गेले, आणि पांढरी गाडीही बरोबर नेली. वर्ष भरत आले तेव्हां भास्कररावांनी जुन्या दफ्तरातून ना-हरकत पत्र आणविले, नवा कर भरिला, आणि नवी पाटी लाविली. हे काम एका दलालाकडे दिले होते. त्याने जुन्या पाट्या काढोन घेतल्या आणि या मोडीत टाकाव्या लागतात ऐसे सांगितले. भास्कररावांनी मान डोलाविली. पुढे तीन वर्षे काही नाही.

मग वर लिहिलेल्या शकी भाद्रपद वद्य पंचमी, मंगळवार, ते दिवशी दोन प्रहरी धाकटे सुभ्यात काळघाटाचे उतारावर एका पांढऱ्या गाडीने साळूबाई गुरव नावाच्या म्हातारीस उडविले. साळूबाई रस्त्याकडेला पेरू विकीत बसत. कंबरेचे हाड मोडले आणि शुद्ध गेली. गाडी न थांबता निघोन गेली, परंतु घाटातल्या कॅमेऱ्याने पाटी वाचिली, आणि ती पाटी निघाली मोहोळकरांची जुनी. धाकटे सुभ्याने आपल्या वहीतून तो नंबर खोडिलाच नव्हता. तेव्हां तेथून थोरले सुभ्यास कागद आला, आणि दहावे दिवशी फौजदार जयवंतराव इंगवले स्वतः मोहोळकरांचे दारी येऊन उभे राहिले.

फौजदार सभ्य मनुष्य होते. त्यांनी पाणी मागोन घेतले, गाडीभोवती एक फेरी मारिली, आणि आपला संशय आडपडदा न ठेविता सांगितला. तो ऐसा की, तुम्ही दोन पाट्या बाळगता, सुभा बदलला की पाटी बदलता, आणि दोन्हीकडच्या नाक्यांस फसविता. भास्करराव म्हणाले, मी त्या दिवशी घाटाकडे फिरकलोही नाही. मग कोठे होतात, ऐसे फौजदारांनी पुसिले, आणि येथे भास्कररावांची जीभ अडखळली. त्यांचे आधी कुमुदबाई बोलिल्या, की मंगळवारी हे दक्षिणेस राजूरच्या बाजारात काटे दुरुस्तीस असतात, दोन वर्षे एक मंगळवार चुकला नाही. फौजदारांनी ते लिहोन घेतले आणि म्हणाले, मग सोपे आहे, नाक्याच्या दफ्तरात अर्ज करा, त्या दिवशी तुमची नवी पाटी कोठे वाचिली गेली त्याचा कागद मिळतो, तो घेऊन आठ दिवसांत चावडीवर या, कागद आला की माझे काम संपले, न आला तर गाडी जप्त आणि तुम्हांस धाकटे सुभ्याचे हवाली करणे भाग.

आता अर्ज करणे म्हणजे एका कागदाचे काम. परंतु भास्करराव अर्ज करीनात. सकाळी उठोन गाडीपाशी जात, किल्ली हातात घेत, पुन्हा घरात येत, आणि मग दारात उभे राहोन रस्त्याकडे पाहात. जेवताना मध्येच उठत. एका दुकानदाराचा काटा दुरुस्त करावयास घेतला तो तीनदा उकलून तीनदा जोडिला, तरी काटा मध्यावर येईना, तेव्हां दुकानदाराने तो हातातून काढोन घेतला. शेजारी कोणी गाडीविषयी पुसिले तर उत्तर न देता आत जात. कुमुदबाईंनी दोनदा आठवण केली आणि दोन्ही वेळा करतो, आज करतो, ऐसे उत्तर मिळाले. बाईंस वाटिले, यांस भय पडिले आहे, दफ्तराचे उंबरठे यांस झेपत नाहीत. मग पाचवे दिवशी त्यांनी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, गाडीचे कागद पेटीतून काढिले, आणि नवऱ्यास न सांगता स्वतः अर्ज करोन आल्या. कारकुनाने पुसिले, एका दिवसाचा हवा की सगळा? बाई म्हणाल्या, सगळा द्या, दोन वर्षांचा द्या, म्हणजे कोणास शंका राहणार नाही. दफ्तराने कागद परभारे चावडीस पाठविला.

आठवे दिवशी उभयतां चावडीवर गेले. भास्कररावांस वाटेत कळले की अर्ज जाहाला आहे, तेव्हां त्यांनी गाडी रस्त्याकडेला उभी केली, आणि कुमुद, तुला एक सांगावयाचे आहे, ऐसे म्हणाले. बाई म्हणाल्या, आधी चावडी, मग काय ते. आणि पुढे बोलू दिले नाही, कारण त्यांचे मनात उशीर होईल हेच होते. चावडीत फौजदारांचे पुढ्यात कागदांची जुडी पडिली होती. बाईंनी खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगितले,

"साहेब, माझे यजमान त्या मंगळवारी राजूरला होते. मी शपथेवर लिहून देते."

फौजदारांनी एक पान उलटिले, दुसरे उलटिले, मग भास्कररावांकडे पाहिले, आणि मग बाईंकडे. म्हणाले,

"बाई, शपथ घेऊ नका. गाडी त्या दिवशी घाटात नव्हती, हे खरे. पण राजूरलाही नव्हती. दोन वर्षांत एकदाही गेलेली नाही. दर मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास उत्तरेला बोरखेडचा नाका ओलांडते आणि दुपारी तीनला परत येते."

बोरखेडाहून काळघाट दिवसभराच्या वाटेवर, सबब त्यांनी कागदावर शिक्का मारिला आणि भास्कररावांस सांगितले की तुम्ही मोकळे. ऐसे एका कागदाने भास्करराव एका आरोपातून सुटले आणि दुसऱ्यात सापडले. बाईंनी कागद वाचावयास मागितला. पहिल्या पानापासोन शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवोन वाचिला, सगळे मंगळवार पाहिले, दिवाळीतला पाहिला, स्वतः तापाने आजारी होत्या तो पाहिला, आणि घडी घालोन परत दिला. बाहेर आल्या. चावडीच्या आवारात एक कडुनिंब होता, त्याखाली उभ्या राहिल्या आणि पुसिले,

"बोरखेडला कोण आहे?"

"तुझे वडील," भास्करराव म्हणाले.

हे वडील म्हणजे त्रिंबकराव शेजवळ. कुमुदबाई बारा वर्षांच्या असता त्यांनी घर सोडिले आणि दुसरीकडे संसार मांडिला. तो संसारही टिकला नाही, परंतु ते परत आले नाहीत, आणि कुमुदबाईंच्या मातुश्री वारल्या तेव्हांही आले नाहीत. लग्न होताना बाईंनी एकच अट घातली होती की हे नाव या घरात कोणी काढू नये, आणि भास्कररावांनी ती मान्य केली होती. मग दोन वर्षांमागे बोरखेडास एका हळदीच्या अडतीत काटा दुरुस्त करावयास गेले असता, मालकाने कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यास शेजवळ म्हणोन हाक मारिली, आणि म्हाताऱ्याने मान वळविली ती हुबेहूब कुमुदबाईंसारखी. एकटा होता, डोळ्यांत मोतीबिंदू, अडतीच्या मागल्या खोलीत राहात होता. भास्करराव पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले. मग जात राहिले. डोळ्यांत औषध घालीत, वर्तमानपत्र वाचोन दाखवीत, चहा घेत आणि परत येत. इतकेच.

हे सर्व त्यांनी कडुनिंबाखाली उभ्या उभ्या सांगितले. बाईंनी ऐकोन घेतले. मग म्हणाल्या,

"तिथे दुसरी कोणी बाई असती तर मला काय करायचे ते कळले असते."

आणि गाडीत न बसता चालत घरी गेल्या. कोस दीड कोस वाट होती.

तेथून पुढे दहाबारा दिवस त्या घरात कामापुरते बोलणे राहिले. स्वयंपाक होई, दिवा लागे, दवाखान्याची वेळ पाळली जाई. मधला मंगळवार आला तो भास्करराव गेले नाहीत. सकाळपासोन अंगणात येरझारा घातल्या, गाडी दोनदा धुतली, नऊ वाजले ते पाहिले, तीन वाजले ते पाहिले, आणि बोरखेडास म्हातारा पायरीवर येऊन बसला असेल हे मनातून जाईना. बोलावे तर वचन मोडिल्याचा दोष आपलाच, न बोलावे तर तिकडे औषध चुकते. कुमुदबाई खिडकीतून त्यांस पाहात होत्या. त्यांसही स्वस्थता नव्हती, एकच पातेले दोनदा घासिले.

इकडे धाकटे सुभ्यात इंगवल्यांच्या कागदावरून चौकशी उलटी फिरली. जुनी पाटी दुसऱ्याच कोणाच्या गाडीवर आहे हे ठरले, मग काळघाटाच्या चारही अंगांच्या नाक्यांस ताकीद गेली, आणि तिसरे दिवशी पोपट शिरतोडे नावाचा विटांचा व्यापारी सापडला. त्याने तिसऱ्याच सुभ्यातून गाडी स्वस्तात आणिली होती, कर वाचवावा म्हणोन नोंद केली नव्हती, आणि त्याच दलालाकडून मोहोळकरांच्या पाट्या घेऊन लाविल्या होत्या. बायकोस कळा येत होत्या, घाईत होतो, ऐसे त्याने सांगितले, आणि ते खरेही निघाले. मुलगी जाहाली होती. परंतु साळूबाईस रस्त्यात टाकोन गेला हेही खरेच, सबब कैद जाहाली, आणि दलालही गेला. साळूबाई शुद्धीवर आल्या आणि काठी धरोन चालू लागल्या, परंतु उतारावर बसणे त्यांनी सोडिले.

मग दुसरा मंगळवार आला. भास्करराव सकाळी बाहेर आले तो कुमुदबाई गाडीत बसल्या होत्या. साडी दवाखान्याची नव्हे, घरची. भास्कररावांनी गाडी उत्तरेस घेतली. बोरखेडच्या नाक्यावर बाईंनी खांबावरच्या कॅमेऱ्याकडे एकदा वर पाहिले, इतकेच. अडतीशी पोहोचल्यावर म्हणाल्या, मी उतरणार नाही. त्रिंबकराव पायरीवरच होते. गेला मंगळवार का चुकला ऐसे त्यांनी पुसिले नाही. दार उघडल्याचा आवाज एकच जाहाला तरी थोडा वेळ कान देऊन बसले, आणि आज बरोबर कोणी आहे का, ऐसे पुसिले. भास्करराव हो म्हणाले. कोण, हे म्हाताऱ्याने विचारिले नाही. आत जाऊन सदरा बदलोन आले, गुंड्या खालीवर लागल्या होत्या, आणि भिंतीस हात लावीत लावीत गाडीच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. काच खाली होती. बाई समोर पाहात होत्या. अडतीतले हमाल पोती टाकीत होते ते थांबले. मग बाई म्हणाल्या,

"आईच्या तेराव्याला तुमचे पान वाढले होते. चार वाजेपर्यंत ठेवले. मग गाईला घातले."

"कळले होते मला," त्रिंबकराव म्हणाले. "गावच्या वेशीपर्यंत आलो होतो. पुढे पाऊल टाकवेना."

म्हाताऱ्याने खिडकीच्या कडेवर हात ठेविला होता, त्या हाताकडे बाई पाहात राहिल्या. मग गाडी काढा, ऐसे नवऱ्यास म्हणाल्या. भास्कररावांनी घाईने औषध घातले आणि निघाले. परतीचा नाका गेला, शेते गेली, गाव दिसू लागले, तेव्हां बाई खिडकीबाहेर पाहातच बोलिल्या,

"पुढच्या मंगळवारी त्यांची नखे काढा. फार वाढली आहेत. तुमच्या लक्षात कसे येत नाही?"

भास्करराव बरे म्हणाले आणि गाडी हळू केली, कारण त्यांस समोरचा रस्ता नीट दिसेना.

पुढील मजकूर थोडका. कुमुदबाई त्यानंतर पाच वेळा बोरखेडास गेल्या, त्यांपैकी दोन वेळा गाडीतून उतरल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया माघात करावयाची ठरली होती, तारीखही बाईंनीच घेतली, परंतु त्रिंबकराव त्याआधी पौषात झोपेत गेले. लेकीचे मुख त्यांनी बारा वर्षांचे पाहिले तेच शेवटचे. धाकटे सुभ्याने जुना नंबर वहीतून खोडिला, आणि जुना कर मागे मिळण्याचा भास्कररावांचा अर्ज अद्याप विचारात आहे. बाईंनी वडिलांस क्षमा केली किंवा कसे, हे त्यांस कोणी पुसिले नाही, आणि लिहिणारासही ठाऊक नाही. जितके जाहाले तितके लिहिले. येथे लेखणी ठेविली.