साळूबाईची दुपारची झोप

एका जंगलात, बाळांनो, साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहत होती. हातात तांदळाचे चार दाणे घ्या आणि ऐका. दाणे हातात असले की चुळबुळ होत नाही.

साळूबाईचा धंदा बिळं खोदून देण्याचा. ससे, मुंगसं, घोरपडी, ज्याला हवं त्याला ती बीळ करून द्यायची. घरचीच बत्तीस साळिंदरं हाताखाली. सूर्य मावळला की खोदायचं, दुपारी झोपायचं.

पण साळूबाईची झोप साधी नव्हती. तो तिचा वसा होता. नवं बीळ तयार झालं की ती स्वतः त्यात एक दुपार झोपायची. गाढ झोप लागली तर बीळ द्यायचं. पोटाला ओल लागली, कुशीत मूळ टोचलं, कानात माती पडली, की तिला जाग यायची. मग बीळ पुन्हा खोदायचं. सासूनं वसा देताना बजावलं होतं, "उतू नकोस, मातू नकोस, आणि झोपल्याशिवाय बीळ देऊ नकोस."

देवाच्या दयेनं धंदा वाढला. पण अर्धवट वाढला, आणि तिथंच पंचाईत झाली.

जंगलात लहानांसाठी सवलतीची रांग होती. साळूबाई तिथं गेली, तर मुंगी म्हणाली, "अगं बाई, एवढी धिप्पाड तू! आमच्या रांगेत कुठं शिरतेस?"

मोठ्यांसाठी वडाचा पार होता. तिथं हत्ती आणि गवे बसून जंगलाचा विकास करायचे. साळूबाई तिथं गेली, तर हत्ती म्हणाला, "खाली काहीतरी कुरकुरतंय का हो?"

बिचारी काटे मिटून मुंग्यांकडे जायची आणि काटे फुलवून हत्तींकडे जायची. दोन्हीकडून बोलणी खाऊन घरी यायची.

एके वर्षी नदीपलीकडे वणवा लागला. दोनशे सशांची घरं गेली. सिंहमहाराजांनी दवंडी पिटली, "मृगाआधी दोनशे बिळं हवीत. जो देईल त्याला पारावर जागा."

हत्तीला बीळ खोदता येईना. मुंगीच्या बिळात ससा मावेना. काम आपसूक साळूबाईकडे आलं. तिनं देवापुढे साखर ठेवली. मग तिच्या लक्षात आलं. दोनशे बिळं म्हणजे दोनशे दुपारी. आणि मृगाला तीनच महिने.

तिनं सल्लागार बोलावला. दूरदूरच्या तळ्यांवर नाव कमावलेला बगळा. तो आठ दिवस एका पायावर उभा राहिला. नवव्या दिवशी त्यानं दुसरा पाय टेकवला.

"मॅडम, तुमच्या कंपनीचा आजार सापडला."

"काय हो?"

"मालकीण दुपारी झोपते."

"अहो, तेच तर माझं काम!"

"काम जागेपणी करायचं असतं. झोपेसाठी माणूस नेमा. म्हणजे, प्राणी नेमा."

आणि त्यानं अजगररावांना आणलं. झोपेचा एवढा दांडगा अनुभव जंगलात दुसऱ्या कुणाला होता? शेपूट एका बिळात, पोट दुसऱ्यात, डोकं तिसऱ्यात. एका दुपारी तीन बिळं झोपून व्हायची. जाग म्हणून एकदाही आली नाही. प्रत्येक दारावर पळसाच्या पानाचा शिक्का बसला, 'येथे उत्तम झोप लागते.'

बगळ्यानं तक्रारींचं खातंही अजगररावांनाच दिलं. एकही तक्रार आली नाही. सशांच्या तक्रारी ऐकायला अजगर बसलेला म्हटल्यावर कोण येणार? बगळ्यानं अहवालात लिहिलं, 'ग्राहक पूर्ण समाधानी.'

साळूबाई आता दुपारी बैठकीत बसायची. डोळे ताणून बसायची.

मृगाला आठ दिवस उरले. ससे राहायला येऊ लागले. त्यांत चंदी सशीण होती, दिवस भरलेली. ती दारातच थबकली.

"साळूमावशी, तुम्ही झोपलात ना आत?"

"अगं, शिक्का आहे ना दारावर."

"शिक्क्याला काय कूस असते, मावशी? माझी पोरं उघडी जन्मतात हो. अंगावर केससुद्धा नसतो."

साळूबाईनं दारावरचं शिक्क्याचं पान बाजूला सारलं. ती म्हणाली, "सर जरा. मी टेकते." आणि भर दुपारी चंदीच्या बिळात आडवी झाली.

घटकाभरात उठली. पोट ओलंचिंब.

"अजगरराव, तुम्हाला ओल लागली नाही?"

"ओल?" अजगररावांनी अर्धा डोळा उघडला. "मला वाटलं, गारव्याची सोय केली आहे. झकास आहे."

बगळा धावत आला. "मॅडम, आता परत तपासत बसलात तर मुदत हुकेल. पारावरची जागा जाईल. आणि पावसात चार बिळं गळली, तर टक्केवारीत ती दिसतसुद्धा नाहीत."

साळूबाईनं चंदीकडे पाहिलं. चंदी टक्केवारीत दिसत नव्हती, पण दारात दिसत होती. पोट सावरून उभी होती.

"आधी तू माझ्या घरी चल," साळूबाई म्हणाली. मग तिनं कपाळाला हात लावला. "पण बाकीच्या बिळांचं काय करू? मी एकटी किती झोपू?"

तिची धाकटी जाऊ खुडबुडी मागे माती उपसत होती. ती फिसकन हसली. "जाऊबाई, झोप काय तुम्हालाच येते? आम्ही काय टक्क उघड्या डोळ्यांनी जन्मलोय?"

"पण वसा माझा आहे गं."

"मग द्या की आम्हाला. वाण का आहे ते, वाटलं की संपायला?"

बाळांनो, ही एवढी साधी गोष्ट बगळ्याला आठ दिवस एका पायावर उभं राहून सुचली नव्हती.

साळूबाईनं बत्तीस जणांना ओळीनं बसवलं. हळदकुंकू लावलं आणि वसा दिला. उतू नका, मातू नका. दुसऱ्या दुपारपासून तेहतीस बिळांत तेहतीस जणं घोरू लागली. सात दुपारींत सगळं पाहून झालं. एक्केचाळीस बिळं ओली निघाली. ती टेकाडावर नव्यानं खोदली. शेवटची तीन पुरी झाली तेव्हा पाऊस सुरू होऊन दोन दिवस झाले होते.

म्हणजे मुदत हुकली. पारावरची जागा बगळ्याला मिळाली, शंभर टक्के शिक्क्यांबद्दल. हल्ली तो 'सामूहिक झोप आणि मध्यम उद्योगांची भरारी' या विषयावर व्याख्यानं देतो. अजगरराव नदीकाठच्या ओल्या बिळात सुखानं झोपले आहेत. त्यांना कुणी उठवत नाही.

साळूबाई अजून मध्यमच आहे. मुंग्या तिला रांगेत घेत नाहीत, हत्तींना ती दिसत नाही. पण पुढच्या हंगामाची बिळं तिच्याकडे आत्ताच सांगून ठेवली आहेत. आणि चंदीला पाच पिल्लं झाली. पाचही कोरडी.

जशी चंदीला कोरडी कूस मिळाली, तशी तुम्हाआम्हाला मिळो. आता हातातले दाणे चिमण्यांना टाका.

तात्पर्य : ज्या कचेरीत भर दुपारी सगळे गाढ झोपलेले दिसतील, तिथं निर्धास्तपणे काम द्यावं. सगळे टक्क जागे दिसले, तर सल्लागार आला आहे असं समजून दुसरं बीळ पाहावं.